एका घाण्यापायी

आयोवा राज्यात, जिथवर नजर जाईल तिथवर मका आणि मक्याच्या पलीकडेही मकाच, अशा जागी डॉक्टर शरयू बिवलकरने प्रयोगशाळा थाटली होती. शहरात तिचं यंत्र चालतच नसे. शहरातल्या प्रत्येक डोक्यात एकतरी 'तेव्हा तसं झालं असतं तर' वळवळत असतं, आणि तो सगळा गलका यंत्रात शिरतो. मका मात्र कशाबद्दलच हळहळत नाही. कागदोपत्री यंत्राचं नाव होतं 'पर्यायेतिहासदर्शक'. शरयू त्याला जर-तर यंत्र म्हणायची, आणि तिचा नवरा व सहकारी एमेट लिंडक्विस्ट त्याला सवत म्हणायचा. सासुरवाडीने त्याला मराठी चांगलं शिकवलं होतं, टोमण्यांसकट.

आज यंत्रासमोरच्या खुर्चीत मालनताई सबनीस बसल्या होत्या. आयोवाच्या माजी गव्हर्नर, जन्माने आयोवाच्या, आईवडील पेणचे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष व्हायच्या त्या थोडक्यात राहिल्या. किती थोडक्यात, ते त्या कोणालाही सांगत. आज शरयूला सांगत होत्या.

"आपल्याकडे पक्षाचा उमेदवार कसा निवडतात ते तुला ठाऊक आहेच. शाळेच्या व्यायामशाळेत गाव जमतं. चिठ्ठी नाही, बटण नाही. ज्याला जो उमेदवार हवा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मग डोकी मोजतात. ठरलेल्या हिश्शाला एक डोकं जरी कमी पडलं, तरी तो कोपरा मोडला. त्यातल्या माणसांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं."

"आणि तुमच्या कोपऱ्यात एक कमी पडलं," एमेट म्हणाला.

"माझ्या स्वतःच्या गावात! आणि ते डोकं कुठे होतं माहितीये? बाहेर व्हरांड्यात, कढईवर वाकलेलं. माझी आई बटाटेवडे तळत होती. मी आत ओरडतेय, आई ये, आई ये. तर म्हणते, घाणा कढईत आहे, तसाच टाकून कशी येऊ? बरं, तळत होती कोणासाठी? समोरच्या कोपऱ्यातल्यांसाठी! का, तर ती माणसं दुपारपासून उपाशी आहेत."

कोपरा मोडला. गाव गेलं, गावापाठोपाठ राज्य गेलं, आणि स्वतःच्या राज्यात हरलेल्या उमेदवाराला पुढच्या राज्यांत कोण विचारतो? सकाळी वार्ताहरांच्या गाड्या निघून गेल्या. त्याला आता दोन तपं उलटली. मालनताई आणि कुसुमताई, मायलेकी, एकाच घरात राहत, एकाच टेबलावर जेवत. पण त्या दिवसापासून मालनताईंनी आईच्या हातच्या वड्याला शिवलं नव्हतं, आणि आईनेही पुन्हा विचारलं नव्हतं.

"मला एवढंच बघायचंय," मालनताई म्हणाल्या, "की आई आत आली असती, तर मी कोण असते."

"आधी नियम ऐका," शरयूने सुरुवात केली. "असा प्रत्येक प्रसंग म्हणजे इतिहासाला फुटलेला फाटा. दोन्ही वाटा असतात, दोन्हीकडे तुम्ही असता. मेंदू तोच. तुमच्या मनात सलणाऱ्या प्रश्नाची एक लहर असते, आम्ही तिला प्रश्नलहर म्हणतो. पलीकडच्या तुम्हीही त्याच वेळी, अशाच यंत्रापुढे, त्याच फाट्यापाशी अडून बसलेल्या असाल, तर दोन लहरींचा अनुनाद होतो आणि पडदा उजळतो. एका बाजूने धडपडून उपयोग नाही. टाळी दोघींनी मिळून वाजवायची."

"आणि तिथेच गोम आहे," एमेट म्हणाला. "जिंकलेली बाई कशाला हळहळेल? ती खुशाल झोपली असेल. पडदा काळाच राहणार."

"अरे, तोंडावर असं बोलतात का?"

"विज्ञान तोंड बघून बोलत नाही. हे तुझंच वाक्य. रोज ऐकवतेस."

मालनताई मात्र सावरून बसल्या होत्या. "म्हणजे पडदा काळा राहिला, तर ती सुखात आहे?"

"हो," शरयूला म्हणावंच लागलं. "काळा पडदा म्हणजे पलीकडे समाधान."

"मग तो काळा राहिला तर मी आईला ह्या जन्मी माफ करणार नाही. नव्वद वर्षांची आहे, ते मला दिसतंय. तरी नाही. चल, घाल ती टोपी."

शरयूने तारांची टोपी त्यांच्या डोक्यावर बसवली. यंत्र घुमू लागलं. पडदा काळा होता, मग आणखी काळा झाला. एमेटने 'मी म्हटलं नव्हतं का?' असा चेहरा करायला घेतला, तो अर्ध्यावर असतानाच पडदा लख्ख उजळला.

समोर मालनताईच होत्या. केस महागड्या हाताने कापलेले, पाठीमागे झेंडा, डोक्यावर तसलीच टोपी.

"अगं बाई!" दोघी एकदमच म्हणाल्या.

"तू हरलेली ना?" पलीकडच्या मालनताईंनी विचारलं.

"हो. आणि तू?"

"राष्ट्राध्यक्ष होते. पूर्ण आठ वर्षं."

"मग इथे काय करतेस?"

"तळमळतेय! त्या दिवशी मी आईच्या हातातला झारा हिसकावून घेतला, गॅस बंद केला आणि तिला दंडाला धरून कोपऱ्यात उभी केली. जिंकले. पण निवडणूक लढवली होती कशासाठी, आठवतंय ना?"

"शाळेतल्या प्रत्येक पोराला दुपारचं गरम जेवण," इकडच्या मालनताई म्हणाल्या. त्याखेरीज दुसरं काही त्यांच्या मनात तेव्हाही नव्हतं.

"चारदा तो कायदा मांडला. चारही वेळा एका मताने पडला, आणि प्रत्येक वेळी त्याच माणसाच्या मताने. सिनेटर हार्लन व्हॉस. आपल्याच पक्षाचा, आपल्याच गावचा! खर्च म्हटलं की त्याचा दगड होतो."

"हार्लन? लाल टोपीवाला हार्लन?"

"तोच मेला. तुमच्याकडे काय झालं त्या कायद्याचं?"

"झाला की पास! मी गव्हर्नर होतेच. हरून आले आणि आपल्या राज्यापुरता मांडला. मग शेजारच्या राज्याने उचलला, मग त्याच्या शेजारच्याने. आज देशात एक शाळा अशी नाही जिथे पोर उपाशी बसतं."

राष्ट्राध्यक्षांचा आ वासलेला तसाच राहिला. "राज्यात तुला त्याने अडवलं नाही? विधानसभेत होताच ना तो?"

"त्याच्याच मताने पास झाला. एका मताने."

"त्याला वळवलंस कसं?" पलीकडून त्या जवळजवळ पडद्यातून बाहेर आल्या. "मालन, हे यंत्र मी तेवढ्यासाठी बांधून घेतलंय. आख्खं व्हाइट हाउस लावलं, हालला नाही. तू काय केलंस?"

"मी? मी काहीच नाही केलं. त्याने आपणहून..."

मालनताई थांबल्या. व्हरांडा डोळ्यांपुढे आला. कोपरा मोडत होता आणि त्या दारातून आईकडे रागाने बघत होत्या. कागदी बशी घेऊन हार्लन कढईपाशी उभा होता. त्याची बायको त्याच पानगळीत गेली होती. आई त्याच्या बशीत सहावा वडा टाकत म्हणत होती, "खा रे बाबा, घरी आता कोण आहे करून घालायला?" भाषा त्याला कळत नव्हती, तरी तो मान हलवत होता आणि डोळे पुशीत होता. ते तिखटाने, असं तेव्हा मालनताईंना वाटलं होतं. पुढे विधानसभेत मत देताना तो उठून म्हणाला होता, "उपाशी माणसाला गरम घास म्हणजे काय, ते मला एका बाईने दाखवलं." सभागृह गहिवरलं होतं. सगळ्यांना वाटलं, बायकोची आठवण काढतोय.

मालनताईंना हसू फुटलं. "अगं," त्या म्हणाल्या, "तू तो गॅस बं..."

आणि पडदा काळा झाला.

"अरे! सांगायचं राहिलं!" मालनताई ओरडल्या. "लाव परत, लाव!"

शरयूने काटे तपासले. "यंत्र ठीक आहे, मालनताई. तिची लहर नुसती उसळतेय. तुमची शून्य आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला आता काही सलत नाही. अनुनाद होणार कसा? जरा हळहळा बघू. मुद्दाम."

मालनताईंनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. डोळे मिटले. न मिळालेलं विमान आठवून पाहिलं, न मिळालेली सलामी आठवली, अंगणात उतरणारं हेलिकॉप्टर आठवलं. मग हार्लनच्या मिशीला लागलेला बटाट्याचा कण आठवला आणि त्या खुर्चीत हसता हसता दुमडल्या. काटा जागचा हलला नाही.

"बिचारी बसली असेल तिकडे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष, आणि एवढी साधी गोष्ट तिला कळू नये!"

मग त्यांनी व्हरांड्यातल्या हार्लनची आणि त्याच्या बशीतल्या वड्यांची गोष्ट दोघांना सांगितली. ऐकून एमेट म्हणाला, "कळली असेल. तिच्याकडेही एक शरयू असणार. तिनेही सांगितलं असणार, काळा पडदा म्हणजे पलीकडे समाधान. आत्ता त्यांच्यापुढे काळा पडदा आहे. हरलेली बाई, बोलता बोलता, सुखी झाली. आणि दोन्ही जगांत त्या संध्याकाळी फरक कशाचा? एका कढईचा. हार्लन तिकडे उपाशी गेला, इकडे जेवून गेला. एवढी जोडणी त्यांना जमेल ना?"

"जमेल," मालनताई ताठ बसून म्हणाल्या. "ती मीच आहे. आणि हार्लन अजून जिवंत आहे, दोन्हीकडे."

"बघ," शरयू नवऱ्याला म्हणाली, "कधीकधी बरं बोलतोस."

"लिहून ठेव. परत होईलसं वाटत नाही."

मालनताईंनी टोपी काढली, केस नीट केले आणि घरी फोन लावला.

"आई, वडे करशील?"

पलीकडून कुसुमताईंचा आवाज आला, सावध. "तुझी तब्येत बरी आहे ना गं?"

"उत्तम आहे. आणि माणसं घेऊन येतेय. हे दोघं, आणि वाटेत हार्लनलाही उचलते."

"म्हणजे किती?"

"आई! तू कधीपासून माणसं मोजायला लागलीस?"

"माणसं कोण मोजतंय," कुसुमताई म्हणाल्या. फोनमधून पातेलं आपटल्याचा आवाज आला. "बटाटे मोजतेय."