कुलूप नसलेला गुणाकार

शुक्रवारी जेवण उरकून स्टाइनार वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत परतला तेव्हा काम अगदी साधं होतं. कुलूप काढून जुनी चाचणी एकदा चालवायची, ती कशी चुकते ते हालगेरला कळवायचं आणि घर गाठायचं. डिसेंबरात नॉर्वेतल्या बर्गनला दुपारीच अंधारतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाकीचे जेवून लगेच पळाले होते.

हालगेर विभागप्रमुख. जेवताना ब्रेडवर तपकिरी चीज ठेवत तो म्हणाला होता, "लायब्ररीतलं ते कुलूप गुन्वोरनंच काढलं होतं ना रे? मग सोमवारी लायब्ररीवरचं तिचं नाव काढू आणि तुझं घालू. बाहेरचे लोक विचारतात, असल्या चुका कोण करतं म्हणून."

स्टाइनारनं होकाराची मान हलवली होती. मेलेल्या बाईवर खोटा आळ घ्यायचा, तर निदान तोंड तरी उघडावं. तेवढीही तसदी त्यानं घेतली नव्हती.

लायब्ररी पुस्तकांची नव्हे, प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडची; गुन्वोरनं ती सी या संगणकभाषेत एकटीनं लिहिली होती. आयुष्यभराचं काम म्हणावं तर तेवढंच. लायब्ररीचं काम दोन ग्राफचा गुणाकार करायचं. ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. चाचणीसाठी गुन्वोरनं हाच मजला घेतला होता, खोल्या म्हणजे ठिपके आणि दारं म्हणजे रेघा. मजल्याचा मजल्याशीच गुणाकार केला की प्रत्येक ठिपका दोन माणसांचा होतो, पहिला कुठे आहे आणि दुसरा कुठे आहे. रेघ म्हणजे दोघांपैकी एकाचं एक पाऊल. "एक थांबला की दुसऱ्यानं चालायचं," ती नव्या मुलांना समजावायची, "दोघांनी एकदम नाही."

अशी पावलं ढिगानं निघतात, म्हणून यंत्रात अनेक धागे, म्हणजे कामाचे वेगवेगळे प्रवाह, एकाच वेळी राबतात आणि सगळे एकाच जागी लिहितात. एकाच ओळीवर दोघांचे हात पडले की एकाचं लिहिलेलं पुसलं जातं. म्हणून कुलूप, एक लिहीत असताना बाकीच्यांनी थांबायचं. त्यात वेळ जातो. परिषदेत वेग मिरवायला स्टाइनारनं ते गुपचूप काढलं आणि पावलं गळायला लागली.

विभागाची रीत अशी, की ज्याच्यामुळे काम मोडलं त्यानं केक आणायचा. वसंतात ही चूक उघडी पडली आणि लायब्ररी तिची म्हणून सगळे गुन्वोरकडे बघायला लागले, तेव्हा तिनं एकदाच स्टाइनारकडे पाहिलं. त्यानं कॉफीच्या कपात तोंड घातलं. दुसऱ्या दिवशी ती निळ्या डब्यात वेलचीचा केक घेऊन आली. "घे, कडेचा आवडतो ना तुला?" म्हणाली. त्यानं निमूटपणे खाल्ला. उन्हाळ्यात तिचं हृदय बंद पडलं. तो तुकडा स्टाइनारच्या घशाखाली अजून उतरला नव्हता.

वसंतात परत बसवलेलं कुलूप तेवढ्यापुरतं काढून त्यानं चाचणी चालवली. पावलं गळली. पुन्हा चालवली. धाग्यांच्या धावपळीत दर वेळी वेगळी पावलं गळायला हवीत, कारण कोण आधी पोचेल याचा नेम नसतो. पण दर वेळी तीच गळत होती. पहिल्या माणसाची सगळी. पहिला आपला स्टाइनारच्याच खोलीत बसलेला... आणि दुसऱ्याची पावलं तेवढी शाबूत. कोटांच्या खुंट्यांपासून स्वयंपाकघर. स्वयंपाकघरातून बोळ.

टक.

बाहेर बोळात लाकूड वाजलं. गुन्वोर ऑफिसात लाकडी तळाचे जोडे घालायची.

तो उठून दारापर्यंत गेला. शांतता. बोळ रिकामा, दिवे लागलेले. तो उभा राहून कान देऊ लागला.

टक... टक...

तो चालू लागला की आवाज बंद. थांबला की पुन्हा, आणि प्रत्येक वेळी जरा जवळ. हे त्याच्या ध्यानात आलं. मग तो थांबेचना. पिंजऱ्यातल्या जनावरासारखा येरझाऱ्या घालतच त्यानं हालगेरला फोन लावला.

"काय रे, अजून तिथेच? घरी जा की!"

"हालगेर... त्या कुलपाचं जरा..."

"सोडून दे बाबा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलवत नाही तुला, माहीत आहे मला. भला आहेस तू."

जिभेवर आलेलं वाक्य स्टाइनारनं गिळलं. "सोमवारी बोलू," एवढंच म्हणाला. स्वतःची इतकी किळस त्याला जन्मात आली नव्हती.

लिफ्टच्या दारापुढे तो गोल गोल फिरत राहिला. लिफ्ट आली. आत मात्र उभंच राहावं लागतं. डोळे मिटून तो आवाजाची वाट बघू लागला, पण काही वाजलं नाही. चालायला जागा उरली नसेल. त्याच्या मानेपाशी वेलचीचा वास येत होता...

सोमवारी सकाळी तो पोचला तेव्हा सगळे स्वयंपाकघरात जमले होते. टेबलावर निळा डबा.

"ये ये, गुन्हेगार!" हालगेर हसला. "आता काय मोडलंस? न सांगताच केक ठेवून गेलास होय?"

"मी नाही ठेवला."

"मग कुणी? मी पहिला आलो, तेव्हा हा इथेच होता. बोल, बोल, केक आणला की कबुली द्यावी लागते."

सगळे हसत त्याच्याकडे बघत उभे राहिले. स्टाइनारही उभा होता. कुणीच हलत नव्हतं, आणि बोळात, अगदी दाराशी, लाकूड वाजलं. बाकी कुणी मान वळवली नाही.

"कुलूप मी काढलं होतं," तो म्हणाला. "गुन्वोरनं नाही. तिला ठाऊक होतं, तरी तिनं केक आणला, आणि मी तो खाल्ला. तिचं नाव काढू नका."

हसू विरलं. "तिचं नाव राहील," हालगेर म्हणाला, आणि त्यानं नजर फिरवली. एकेक जण कप घेऊन निघून गेला. केकला कुणी हात लावला नाही. लाजेनं स्टाइनारचे कान पेटले होते, पण बोळात आता काही वाजत नव्हतं.

डबा नेऊन टाकावा म्हणून त्यानं झाकण उघडलं. कडेचा एक तुकडा आधीच कापून डब्यातच बाजूला ठेवलेला होता. त्यानं तो हातात घेतला.

इमारतीत ओव्हन नव्हता. तुकडा चटका बसण्याइतका गरम होता.