हुंकार

“मॅडम, तुमची काशी आमच्याकडं आहे.”

ज्योत्स्नानं मान वर केली. गंगापूर रोडवरच्या त्या छोट्याशा वाचनालयात लोक काउंटरवर येऊन नाना तऱ्हेचं बोलत, पण असलं वाक्य तिनं आजवर ऐकलं नव्हतं. समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, थंडीनं लाल झालेला नाकाचा शेंडा, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक बाड.

“कोण काशी?”

“घाटात ट्रकमधनं उतरली ती. आणि आमचा फौजदार बहुतेक तुमच्या घरी असंल. खुनाचा तपास अर्धा टाकून आलाय.”

मग उलगडा झाला. मोतीरामच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन बाडं एकाच पेपरात गुंडाळून शेजारी शेजारी ठेवलेली होती, आणि मोतीरामनं याचं हिला आणि हिचं याला दिलं होतं. हा सोमनाथ. मूळचा चांदवडचा, सातपूरला एका कारखान्यात फिटर. कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवत होता.

“तालमीत आमच्या दत्तूनं बाड उघडलं आन् लागला वाचायला,” सोमनाथ सांगू लागला. “दोन पानं झाली तरी फौजदार येईना. आम्ही म्हटलं, वाच बाबा, येईल पुढं.”

“मग?”

“फौजदार नाय आला. कांद्याचा ट्रक घाटात बंद पडला, काशी उतरली, लांब एक दिवा दिसला, ती दिव्याकडं निघाली… आन् पानंच संपली! पोरं माझ्या अंगावर! खुनी कोण ते गेलं उडत, म्हणे दिवा कोणाचा ते सांग.” तो काउंटरवर वाकला. “सांगा की मॅडम. दिवा कोणाचा?”

ज्योत्स्ना हसत होती. किती महिन्यांनी, कोण जाणे. पण या प्रश्नाशी तिचं हसू थांबलं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “ती गोष्ट तिथंच संपली.”

“संपली कुठं? थांबलीय.”

आणि त्यानं बाड असं दोन्ही हातांनी पुढं केलं, जसं कुणाचं तान्हं मूल परत द्यावं.

*

गोष्ट थांबली होती ती अण्णांबरोबर.

ज्योत्स्नाचे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी ते वेताच्या खुर्चीत सुपारी कातरत बसत आणि ज्योत्स्ना दिवसभरात लिहिलेलं त्यांना वाचून दाखवी. ते कधी वाहवा करत नसत, की चुका काढत नसत. नुसतं “हं” म्हणत. अडकित्ता वाजे, मग “हं”, मग पुन्हा अडकित्ता. त्या “हं”साठी ती दुसऱ्या दिवशी लिहायला बसे. काशी दिव्याकडं निघाली त्या संध्याकाळीही अण्णा “हं” म्हणाले होते. त्यानंतरच्या आठवड्यात ते गेले.

तेव्हापासून ज्योत्स्नानं ओळ लिहिली नव्हती. शब्द आटले होते असं नाही. पण लिहून ऐकवायचं कुणाला? आईला गोष्टीत रस नव्हता. झेरॉक्ससुद्धा तिनं काढली ती एवढ्याचसाठी, की एक प्रत जपून माळ्यावर टाकावी आणि विषय संपवावा. घरी आलेलं बाड तिनं उघडूनही पाहिलं नव्हतं. नाहीतर फौजदार तेव्हाच सापडला असता.

दुसऱ्या दिवशी फौजदार घेऊन जायला सोमनाथ घरी आला. आईनं चहा टाकला. चहा पिऊन झाला तरी तो उठेना.

“काशीचं थोडं मागचं तरी सांगा. ती घरनं निघाली कशापायी?”

ज्योत्स्ना सांगू लागली. आधी तुटक, मग भराभर. आणि एका वाक्याच्या शेवटी समोरून आवाज आला, “हं.”

ती चमकली. “हे… हे काय केलंत?”

“हुंकार दिला.” तो गोंधळला. “आमच्याकडं कांद्याच्या चाळीत माल निवडायला बाया बसतात ना, तेव्हा एकीनं गोष्ट सांगायची, एकीनं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. नाय द्यायचा का?”

“द्या,” ती म्हणाली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, कारण डोळे भरून आले होते. “द्या… चालू ठेवा.”

*

मग काय विचारता! ज्योत्स्ना लिहू लागली. वाचनालयात शांत वेळ मिळाला की लिही, लूना सिग्नलला थांबली की मनात जुळवी. पहिली पाळी सुटली की सोमनाथ मोटारसायकलवरून यायचा, कधी द्राक्षांची पिशवी, कधी हरभऱ्याची ओली जुडी घेऊन. दोघं घराच्या पायरीवर बसत. अण्णांच्या “हं”बद्दलही तिनं त्याला सांगून टाकलं. ती वाची, तो हरभरा सोले आणि “हं” म्हणे. त्याच्या “हं”मध्ये किती तऱ्हा! लांबलेला “हंऽऽ” म्हणजे काशीची काळजी. तुटका “हं!” म्हणजे ड्रायव्हरला दोन ठेवून द्याव्यात.

“तुमचं नाव लय अवघड आहे,” एकदा तो म्हणाला. “ज्योत्… जोत्स्… जीभच अडकते.”

“अडकू द्या. जीभच अडकतेय ना?”

“जीभ म्हणालो होय?” तो सोलाण्यांकडं बघत पुटपुटला. “तसं तर बरंच काय काय अडकलंय.”

ज्योत्स्नानं पान उलटलं. पान उलटं धरलंय हे तिच्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

आत आई भाकरी थापता थापता म्हणाली, “हा फिटर नक्की काय दुरुस्त करायला येतो गं?”

गोष्टीत काशी अजून दिव्याकडं चालतच होती. तिचं मागचं सगळं लिहून झालं, वाटेतला ओढा झाला, भुंकणारं कुत्रं झालं. दिवा मात्र तेवढाच लांब. ज्योत्स्नाला घाईही नव्हती. दिवा आला की गोष्ट संपणार, आणि गोष्ट संपली की पायरीवरची संध्याकाळ…?

एवढ्यात कंपनीनं सोमनाथला ट्रेनिंगसाठी पुण्याला पाठवलं.

पहिल्या दिवशी तिनं कागद पुढं ओढला. दुसऱ्या दिवशी नुसता पाहिला. तिसऱ्या दिवशी तो टेबलावरून उचलून कपाटात ठेवला.

आठवड्यानंतर वाचनालयात फोन वाजला. पीसीओची खरखर, आणि तिच्यातून तो आवाज.

“जोत्स्नाबाई! काशी पोचली का?”

“नाही.”

“का?”

“तुम्ही नव्हता ना.” हे म्हणताना तिच्या आवाजात लाड होता. त्याला आवडेल असं तिला वाटलं होतं.



“मग ही गोष्ट माझ्यापायी चाललीय,” सोमनाथ हळू म्हणाला. “आधी अण्णांपायी चालली होती. तुमच्यापायी कधी चालायची?”

“म्हणजे?”

“म्हणजे… मी आज इथं आहे, उद्या बदली झाली, नायतर उद्या आपलं वाजलं, तर काशी पुन्हा अंधारात उभी? मला नाय बघवायचं ते. गोष्ट पुरी होईस्तोवर माझा हुंकार बंद.”

“मी मागितला नव्हता तुमचा हुंकार!” ज्योत्स्नानं रिसीव्हर दाणकन ठेवला. कोपऱ्यातले पेपर वाचणारे आजोबा दचकले.

राग आला होता. दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी राग ओसरला आणि खाली सापडलं ते रागाहून वाईट होतं. तो खरं बोलला होता.

*

सकाळी नळ यायच्या आधी ज्योत्स्ना उठली. अण्णांच्या खुर्चीसमोर तिची जागा असायची, आज ती थेट खुर्चीतच बसली. वेत करकरला. तिनं एक परिच्छेद लिहिला. भिकार होता. फाडावासा वाटला, पण नळाला पाणी आलं आणि ती हंडे भरायला उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. कुणी विचारणार नव्हतं, कुणी ऐकणार नव्हतं. भिकार तर भिकार, पण काशी चार पावलं पुढं गेली होती. तिसऱ्या दिवशी कालच्या भिकार परिच्छेदात एक बरं वाक्य सापडलं. त्याचं बोट धरून ती निघाली.

आणि असंच एका सकाळी लिहिता लिहिता तिला आवाज ऐकू आला.

“हं.”

ज्योत्स्नानं दचकून दाराकडं पाहिलं. कुणी नव्हतं. आई झोपेत होती. मग तिच्या ध्यानात आलं, तो हुंकार तिच्याच गळ्यातून आला होता. ओळ संपली होती, पुढची हवी होती, आणि ती ज्योत्स्नाला स्वतःलाच हवी होती!

ती एकटीच हसली. हात थांबेना. काशी चढण चढून वर आली… दिवा समोर होता… आणि दिवा कोणाचा, ते ज्योत्स्नाला काशीबरोबरच कळलं.

*

सातपूरला पाळी सुटल्याचा भोंगा झाला. फाटकातून सायकली, मोटारसायकली, डबेवाल्या पिशव्यांचा लोंढा बाहेर पडला. त्या लोंढ्याच्या तोंडावर लूना आडवी लावून, काखेत बाड धरून ज्योत्स्ना उभी होती. दत्तूनं तिला आधी पाहिलं आणि सोमनाथला कोपरानं ढोसलं, “सोमा, अरे, काशी आली!”

कालच पुण्याहून परतलेला सोमनाथ जागीच थबकला. “मॅडम…? तुम्ही… इथं?”

“दिवा कोणाचाच नव्हता,” ज्योत्स्ना धापा टाकत म्हणाली. जणू लूना नव्हे, तीच पळत आली होती. “रिकामी झोपडी होती. कुणीतरी वाटसरू दिवा लावून पुढं गेला होता. काशी आत गेली. वाट बघणारं कुणी नव्हतं. तेल संपत आलं होतं. तिनं तेल घातलं, वात सारखी केली… आणि दार उघडं ठेवलं. घाटात आणखी कुणाचा ट्रक बंद पडायचाच ना.”

सोमनाथच्या ओठांवर “हं” आला होता, पण फोनवरचा शब्द आठवून त्यानं तो आवरला.

“आता द्या की,” ती म्हणाली. “पुरी झाली.”

“हंऽऽ,” तो म्हणाला. दत्तू शहाणपणानं लांब गेला, पण फार लांब नाही.

टपरीवर दोन कटिंग आले. सोमनाथ ग्लास नुसता फिरवत राहिला.

“माझी बी एक गोष्ट आहे,” शेवटी तो म्हणाला. “एक फिटर होता.”

“हं.”

“त्याला चुकून दुसऱ्याचं बाड मिळालं. ते परत द्यायला गेला, तर… स्वतःच तिथं राहून आला.”

“हं.”

“मग त्यानं तिला फोनवर नको ते बोलून दुखावलं.”

“नको ते नव्हतं,” ज्योत्स्ना हळूच म्हणाली. “पुढं?”

“पुढं… पुढचं सुचत नाय बघा.”

“सुचायची वाट बघत बसायचं नसतं. माझंच ऐका, अनुभवाचं सांगते. भिकार तर भिकार, बोलून टाकायचं.”

सोमनाथनं ग्लास खाली ठेवला. “मग त्यानं तिला विचारलं, तू लिहीत राहा, माझ्यापायी नको, तुझ्यापायी. मी नुसता शेजारी बसून हरभरा सोलीन. जन्मभर सोलीन. चालंल का… ज्योत्स्ना?”

नाव एका दमात, स्वच्छ आलं. कुठंही अडकलं नाही. पुण्यात हा दुसरं काही शिकला की नाही कोण जाणे!

ज्योत्स्नानं चहाच्या वाफेआडून त्याच्याकडं पाहिलं.

“हं,” ती म्हणाली.

तो गडबडला. “हा… हा हुंकार समजायचा, की होकार?”

“चांदवडला हुंकार दिला की काय होतं?”

“गोष्ट पुढं चालते.”

“मग,” लूनाची किल्ली त्याच्या हातावर ठेवत ज्योत्स्ना म्हणाली, “चालू द्या.”