ऐकणारी गाठ

दुपारी टँकर आला की लॅबमधली सगळी कामं थांबायची. लॅबचा तंत्रज्ञ राधाकिशन दोन्ही हातांत बादल्या घेऊन पळायचा. काचपट्टीवरचा रंग धुवायला पाणी लागतंच, आणि त्या वर्षी माजलगाव भागात पाण्याचा काही नेम नव्हता. साखर कारखान्याच्या सभासदांनी मिळून उभं केलेलं ते रुग्णालय. ऊसच नसल्यामुळे कारखान्याचं धुराडं थंड पडलेलं, रुग्णालय मात्र कसंबसं चालू होतं. डॉक्टर शिवकन्या तिथं पॅथॉलॉजिस्ट होती. माणसांशी तिचा संबंध कमीच. शरीरातून काढलेला तुकडा तिच्याकडं यायचा, मेणाच्या ठोकळ्यात बसायचा, पातळ चकत्या होऊन काचेवर चढायचा. तो बघून पुढं त्या माणसाचं काय करायचं ते ती सांगायची.

बायनाबाईची गाठ आली ती नारळाएवढी. बाई दिंद्रुडकडची, ऊसतोडीला जाणारी, तिशीतली. मूलबाळ नव्हतं. डावं अंडाशय गाठीसकट काढलं होतं. शिवकन्यानं मायक्रोस्कोपला डोळे लावले आणि तिची मान ताठ झाली. गर्भात असतात तसल्या कोवळ्या पेशी, दाटीवाटीनं वाढलेल्या. त्यांची ना कातडी झाली होती, ना हाड, ना मांस. काय व्हायचं ते न ठरलेल्या असल्या पेशी कुठंही पसरतात. मग तिनं रिसेप्टर तपासले. संप्रेरकांचा निरोप घेणारी ती पेशीतली जागा; असली तर तपकिरी रंग धरते. काच सगळी निळी राहिली.

"एकाही पेशीला कान नाही बघ," ती राधाकिशनला म्हणाली. "ही कुणाचंच ऐकणार नाही."

तिनं कळवल्यावर बायनाबाईचं ऑपरेशन करणाऱ्या बद्रीनाथ सरांचा फोन आला. "गर्भपिशवी आणि दुसरं अंडाशय, दोन्ही काढावं लागणार. बोलावून घेऊ का बाईला?"

"थोडं थांबा सर. गाठीचे आणखी तुकडे बघते."

बायनाबाई मात्र कुणी न बोलावताच लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. टाक्यांवर एक हात, डोक्यावर पदर. तिची नजर टेबलावर गाठ ठेवलेल्या बरणीवर गेली.

"हीच का ती?"

"हो."

"तिच्यासमोर बोलत जाऊ नगा, म्याडम."

शिवकन्या हसली. "का बरं?"

"तिला ऐकू येतं. पोटात व्हती तवा लई दुखायची. मी म्हनायची, गप ऱ्हा, फडात हाय मी. की गप ऱ्हायची. एकदा रागानं म्हनलं, वाढ किती वाढायचं ते. तवापून पोट वाढाय लागलं."

बायनाबाई पुढं सरकली.

"आमच्या टोळीतल्या किती बायांच्या पिशव्या काढल्या. म्हाताऱ्या झाल्या त्या वयाच्या आधी. आता माजी बी काढायची म्हनत्यात वार्डात. गाठ काढली ना? मग पिशवी कावून काढायची? मला लेकरू पायजे, म्याडम."

तिच्या चेहऱ्याकडं बघवेना. "असं बघा," शिवकन्या म्हणाली, "गाठीत कातडी, केस, दात असं काही पक्कं झालेलं सापडलं, तर ती साधी गाठ. मग पिशवी काढायची गरज नाही. तसं सापडावं, एवढंच मी म्हणू शकते."

बायनाबाईनं पदर तोंडावर धरला. ती शिवकन्याकडं बघत नव्हती, बरणीकडं बघत होती.

नव्या तुकड्यांच्या चकत्या आल्या. पहिल्याच काचेवर कातडी होती, केसांची मुळं होती. दुसरीवर दात. कोवळ्या पेशींचा मागमूस नाही. रिसेप्टरची काच तर कडेपासून कडेपर्यंत तपकिरी. केस, हाड, दात, जिथं तो रंग धरायलाच नको तिथंही धरलेला. एकूण एक पेशीला कान.

टँकरच्या पाण्यानं घोटाळा केला असणार, असं तिला वाटलं. राधाकिशननं सिरसाळ्याहून बॅटरीत घालायच्या पाण्याचे कॅन आणले. पुन्हा तेच. अशा गाठी मिश्र असतात, एका भागात एक, दुसऱ्या भागात दुसरं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली, आणि ताडून बघायला पहिल्या दिवशीची, कोवळ्या पेशींची काच काढून लावली.

तिच्यावरही केस होते.

"ही दुसरीच दिलीस तू मला."

"तीच हाय, म्याडम. नंबर माझ्या हातचा हाय. कोपरा फुटलेला बघा."

कोपरा फुटलेला होता. वर झाकणाची काच डिंकानं पक्की बसलेली. आतला तुकडा कधीच मेलेला, रंगवलेला, वाळलेला. राधाकिशन जरा मागं सरला. त्यानंतर त्या खोलीत दोघं खुणांनीच बोलू लागली.

तिनं गाठ चहूबाजूंनी कापून पाहिली. कुठंच काही वाईट सापडेना. बायनाबाईचं रक्त तपासलं, पुन्हा सोनोग्राफी करायला लावली. सगळं स्वच्छ. शेवटी तिनं साधी गाठ असल्याचं कळवलं.

"मागं तर वाईट म्हणत होता," बद्रीनाथ सर म्हणाले.

"आज जे दिसतंय ते सांगितलं, सर."

पण पहिल्या दिवशी पाहिलं होतं तेही खरंच होतं. ते कुणाला सांगणार? रात्री अंथरुणावर तिला तीच निळी काच दिसायची. आपण एका बाईची पिशवी वाचवली की तिचा जीव घालवला, हे तिला कळत नव्हतं.

दिवाळीनंतर बायनाबाई तपासणीला आली. अंगानं भरलेली, पाळी वेळेवर, पोटात कुठं काही नाही. शिवकन्याचे डोळे भरून आले. जाताजाता बायनाबाई दारात थांबली.

"तिचं काय केलं?"

"ठेवलीय अजून."

"बोलला न्हाई ना तिच्याशी?"

"नाही."

ते तोवर खरं होतं. बायनाबाई गेली, राधाकिशन टँकरकडं पळाला, खोलीत ती एकटी राहिली. इतके महिने तोंडाशी आलेलं तिनं गिळलं होतं. तिनं बरणी खिडकीच्या उजेडात धरली.

"कोण आहेस तू?"

काहीच झालं नाही. बरणीतलं औषध हललंसुद्धा नाही. तिला स्वतःचंच हसू आलं. तरी तिनं एक तुकडा कापला आणि रीतसर त्याचा ठोकळा केला.

दुसऱ्या दिवशी ठोकळ्याच्या चकत्या काचेवर चढल्या तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. तिनं पहिली काच लावली. कूर्चा. कानात असतं तसलं लवचीक हाड; अशा गाठीत ते सापडतं. तिनं काच थोडी सरकवली.

कूर्चेच्या आत समोरासमोर दोन घड्या. वरून सपाट पेशींचं अस्तर, आतून स्नायूंचे पट्टे. मधे फट.

असली रचना शरीरात एकाच ठिकाणी असते. गळ्यात. ते स्वरतंतू होते.

माणूस नुसता श्वास घेतो तेव्हा ते असेच एकमेकांपासून लांब असतात.

राधाकिशन दारातून काहीतरी विचारू लागला. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

मग त्याच ठोकळ्याची, पहिलीला लागूनच कापलेली दुसरी चकती तिनं लावली.

फट नव्हती. दोन्ही घड्या एकमेकींना घट्ट टेकल्या होत्या, बोलायच्या आधी टेकतात तशा.