निळा ठिपका

नकाशात तिथे नुसतं निळं पाणी होतं. आणि त्या निळ्या पाण्याच्या मधोमध सिग्नेची होडी करकरत खडकावर चढून बसली होती.

मांडीवरच्या टॅबवरचा ठिपका मात्र अगदी बिनघोर होता. तू इथे आहेस, पुढे वाट मोकळी आहे, असंच तो सांगत होता.

"नर्सबाई, जरा मागे सरून बसा. पुढचा भार हलका होऊ दे."

तिने दचकून वळून पाहिलं. कमरेपर्यंत येणारे रबरी बूट घातलेला एक उंच माणूस पाण्यातून चालत येत होता. एका हातात लांब काठी, दुसऱ्या हातात पांढरा रंग भरलेली बादली.

"मी नर्स आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या टेक्ला मावशीच्या पायाची पट्टी बदलायला आज कुणीतरी नवीन येणार होतं. आणि या खडकावर नवीनच माणूस चढतं."

"माझ्या नकाशात हा खडक नाहीये," सिग्ने जरा रागानेच म्हणाली.

"मग नकाशाला सांगा की. खडकाला काय सांगताय?"

त्याने काठी लावली, खांद्याने रेटा दिला. होडी सुटली. तिला हसू आलं, ते तिने दाबलं... पण पुरतं दाबलं गेलं नाही.

त्याचं नाव हेनिंग. फिनलंडच्या किनाऱ्यालगतच्या ग्रानशेर बेटावर तो मावशीबरोबर राहत होता. त्या समुद्रात जमीन दरवर्षी नखभर वर येते. त्याच्या आज्याने जिथे जाळी टाकली, तिथे आता मावशीची मेंढरं चरत होती. म्हणून दर उन्हाळ्यात कुणीतरी काठी घेऊन पाणी चाचपत फिरायचं, नवा खडक सापडला की त्यावर दगड रचून पांढरा रंग द्यायचा, ही त्यांच्या घरची रीत. आज्यानंतर ते काम हेनिंगकडे आलं होतं.

मावशीच्या पायाला पट्टी बांधून झाल्यावर कॉफी आली, वेलदोड्याचा गोड पाव आला. हेनिंगने टॅब उलटापालटा करून पाहिला.

"इथे तर फोनलासुद्धा रेंज नाही. हे कसं चालतं?"

"यात सिमकार्डच नाही. माझ्या भावाचा जुना टॅब आहे. नकाशा मी लायब्ररीच्या वायफायवर आधीच उतरवून आणते. बाकी काम आकाशातल्या उपग्रहांचं. त्याला नेट लागत नाही."

"म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्या उपग्रहांना कळतं?"

"छे! त्यांना काहीच कळत नाही. ते आपली वेळ सांगत फिरतात. हे नुसतं ऐकतं, आणि ऐकून ऐकून हिशेब करतं की आपण कुठे आहोत."

हेनिंगने टॅब अलगद खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही कुठे आहात हे तुम्हालाच ठाऊक. दुसऱ्या कुणालाच नाही."

"असंच काहीसं—" सिग्ने म्हणाली. असं तिच्या आजवर मनातच आलं नव्हतं.

"हासुद्धा तसलाच आहे, पोरी," मावशी पाय चोळत म्हणाली. "सगळ्यांचं ऐकून घेतो. स्वतःचं म्हणून एक अक्षर बोलेल तर शपथ."

निघताना हेनिंगने नकाशावर बोट ठेवलं आणि सिग्नेने तिथे लाल खूण टोचली. पहिला खडक.

"आणखी किती आहेत असे?"

"पुष्कळ. तुमच्या वाटेवरच्यांवर पांढरा रंग आहे, ते दिसतील. नकाशासाठी मात्र दर गुरुवारी एकेक सांगेन."

"सगळे आत्ताच सांगितले तर?"

"मग पुढच्या गुरुवारी ऐकायला काय उरेल?" तो काठीकडे बघत म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

असा तो उन्हाळा सरकत गेला. दर गुरुवारी पट्टी, कॉफी, एक खडक. प्रत्येक खडकाची एक गोष्ट असायची. यावर आज्याचं वल्हं मोडलं. यावर एक सील जाळ्यातली मासळी चोरून उन्हात झोपायची. सिग्ने खुणांना नावं देत गेली आणि नकाशावर लाल ठिपके वाढत गेले.

सगळ्यांत आवडती वेळ मात्र धक्क्यावरची. नेट नसलं की टॅबला उपग्रह हुडकायला वेळ लागतो, कधी पाच मिनिटं, कधी सात. तोवर होडी सोडायची नाही, असा सिग्नेचा नियम. ती टॅब धरून उभी राहायची, तो दोर धरून.

"आला ठिपका?"

"नाही अजून."

"आज ढग आहेत म्हणून असेल."

"असेल..."

खरं सांगायचं तर ठिपका केव्हाच आलेला असायचा. तासाभरापूर्वीपर्यंत चालूच होता टॅब, त्याला कितीसा वेळ लागणार? पण सिग्ने चष्मा सावरत पुन्हा म्हणायची, "नाही अजून." लाटा धक्क्याखाली चुबुक चुबुक करायच्या. त्याच्या स्वेटरला मेंढरांचा आणि डांबराचा वास यायचा. कधी दोघं बोलायची, कधी नाही.

ऑगस्ट अर्धा सरला, आणि सिग्नेला तांपेरे शहरातल्या रुग्णालयातून पत्र आलं. कायमची नोकरी. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. बेटांवरचं काम पुढेही चालू ठेवता आलं असतं, पण तिथे सहा-सहा महिन्यांचीच हमी. तिने गुरुवारी कॉफी पिताना सांगितलं आणि हेनिंगकडे पाहिलं.

"चांगली नोकरी आहे," तो म्हणाला.

"हो. चांगली आहे."

"मोठं गाव आहे."

"मेल्या!" मावशी कडाडली. "गावाचं वर्णन कुणी विचारलंय तुला?"

त्या दिवशी त्याने खडक सांगितला नाही. धक्क्यावर सिग्नेने टॅब चालू केला आणि लगेच म्हणाली, "आला ठिपका." त्याने दोर सोडला. घरी पोचेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी ती हेनिंगला टाळायचं म्हणून सकाळी लवकरच गेली. तो पाण्यावर होता. तिने पट्टी बदलली, कॉफी नको म्हणाली. निघाली तेव्हा पाण्यावरून धुकं चालत आलं. बघता बघता होडीचं टोकही दिसेना.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. निळा ठिपका होता, लाल खुणा होत्या. तिने दोन खडक डावीकडे टाकले, एक उजवीकडे. अशी सावकाश चालली असताना तिला आवाज ऐकू आला.

ठण्. ठण्. ठण्.

लोखंडावर लोखंड. कुणी धुक्यात अडकलं की त्या बेटांवर असंच बडवतात. आणि अडकलेलं माणूस किनाऱ्याला लागेपर्यंत थांबत नाहीत.

तिने टॅबकडे पाहिलं. घरची वाट सरळ समोर होती. आवाज डावीकडून येत होता, पहिल्या लाल खुणेकडून. तिला त्या आवाजाची काडीचीही गरज नव्हती.

सिग्नेने इंजिन बंद केलं. बसून ऐकत राहिली... मग होडी डावीकडे वळवली.

हेनिंग त्याच खडकावर उभा होता. हातात हातोडी, समोर होडीचा जुना लोखंडी नांगर. तळहात सोलून निघाले होते.

"मावशीने सांगितलं, तुम्ही धुक्यात निघालात. मला वाटलं वाट चुकलात."

"नाही चुकले. माझा ठिपका आहे की माझ्याकडे."

"मग इकडे कशा आलात?"

"कुणीतरी बोलावतंय असं वाटलं."

हातोडी त्याने खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली.

"बोलावत होतो," तो म्हणाला. "धुकं नसतं तरी बोलवायला हवं होतं. गेल्या गुरुवारीच. सिग्ने— जाऊ नकोस."

तिने चष्मा काढून पुसला. धुक्याने ओला झाला होता, असं म्हणू या.

"खडक तर संपत आले असतील तुझे."

"दरवर्षी नवा वर येतो. आपल्या हयातीत काही संपत नाहीत." मग जरा थांबून, खाली बघत, "आणि ठिपका लगेच यायचा. मला ठाऊक होतं. तुझ्या चष्म्याच्या काचेत दिसायचा."

"सगळा उन्हाळा? आणि गप्प राहिलास?"

"आज ढग आहेत असं म्हणत होतो ना!"

ती इतकी हसली की होडी डुलायला लागली. मग तिने दोर त्याच्याकडे फेकला. त्याने सोललेल्या हाताने झेलला. तिने आधी पिशवीतून पट्टी काढली.

"उद्या शुक्रवार," पट्टी बांधताना ती म्हणाली. "तांपेरेला नाही म्हणून कळवायचं तर लायब्ररीत जावं लागेल. नेट लागेल."

"कशाला? तुझा टॅब तर नेटशिवाय चालतो."

"ऐकायला काही लागत नाही, हेनिंग. सांगायला लागतं."

त्याने मान हलवली. हात तिच्या हातातच राहू दिला.

"मग मी येतो बरोबर," तो म्हणाला.