कातरणी झाल्यावर

क्लेमच्या शेताचं फाटक उचलल्याशिवाय कधी उघडलं नाही. बिजागरी मोडलेली, खालची कड मातीत घासायची. "मेंढ्यांची कातरणी होऊ दे, मग बघतो," तो म्हणायचा. कातरणी दरवर्षी व्हायची, फाटक तसंच राहायचं. टाकीचा नळ गळायचा, जाळीचं दार कुरकुरायचं, तेही कातरणीनंतर. मृत्युपत्रही त्यातच.

मी पीटरबरोच्या इस्पितळात नर्स होते, आणि क्लेमची शेजारीण. मृत्युपत्रासाठी मी त्याच्या कानीकपाळी ओरडले. रोंडा त्याच्या बायकोची, तिच्या आधीच्या लग्नाची मुलगी. तिला त्याने लहानाची मोठी केली, आई गेल्यावर तिनेच शेत सांभाळलं. पण कागदोपत्री ती त्याची कुणीच नव्हती.

"अख्ख्या गावाला माहीत आहे, पोरगी माझी आहे."

"गाव कोर्टात येत नाही, क्लेम."

"बरं बाई. कातरणी झाली की तू आणि पलीकडचा ऑसी जेवायला या. सही बघायला दोघं लागतात ना? मटण मी भाजतो. आणि डल्सी, चष्मा आण. नाहीतर मेंढीच्या खुरावर साक्ष देशील."

कातरणी संपली त्याच दुपारी तो लोकरीच्या शेडमध्ये कोसळला. नाडी मीच पाहिली, डोळे मीच मिटले.

शेत त्याच्या पर्थच्या पुतण्याकडे गेलं. त्याने मेंढी फक्त ताटात पाहिली होती. रोंडाने महिनाअखेर घर सोडायचं ठरलं. तिच्याकडे बघून माझा जीव तुटायचा, आणि मेलेल्या क्लेमचा संताप यायचा.

सामान बांधायला मदत करायची म्हणून एका दुपारी गेले, तर फाटक बोटाने उघडलं. नवी बिजागरी होती, वर तार आवळलेली. तारेचं टोक दोनदा आत वळवलं होतं, कोकराला ओरखडा येऊ नये म्हणून. तसं फक्त क्लेम वळवायचा.

"तू केलंस?" मी रोंडाला विचारलं.

"मी कशाला? माझं थोडंच आहे आता ते."

पलीकडच्या शेतावरच्या म्हाताऱ्या ऑसीला विचारलं. तो हसला. "अगं, मला चहाचा कप धरवत नाही."

मग नळ गळायचा थांबला. इतकी वर्षं ती टिपटिप ऐकलेली, आता स्वयंपाकघरात बसवेना. मी स्वतःला समजावलं, वायसर फुगला असेल. पुढच्या आठवड्यात जाळीचं दार उघडून आत आले आणि रोंडाने दचकून वर पाहिलं. आवाजच झाला नव्हता.

"डल्सी, तो राहिलेली कामं उरकतोय," ती म्हणाली. "आता एकच उरलं."

"उन्हाने डोकं फिरलंय तुझं," मी म्हटलं. पण घरी जाताना मी मागे वळून पाहिलं नाही.

काल सकाळपासून माझा चष्मा सापडेना. गाडी चालवता येईना, म्हणून दुपारी चालतच निघाले. रोंडा गावातून नुकतीच परतली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पिशव्या हातातच.

आत भाजल्या मटणाचा वास होता.

टेबलापाशी ऑसी बसला होता. एवढ्या उकाड्यात चर्चचा कोट घातलेला, केस विंचरलेले. मी त्याच्या मानेला हात लावला. गार. बोटाला शाई होती.

तीन ताटं. दोन रिकामी. तिसऱ्यातून वाफ निघत होती.

मधे एक कागद. क्लेमची सही मी चष्म्याशिवायही ओळखली. शाई ओली होती. खाली ऑसीची, थरथरती. त्याखाली जागा कोरी.

"डल्सी," रोंडा म्हणाली. "बसू नकोस. मला नको हे घर. खरंच नको."

तिच्या मागे, ओसरीवर, तिच्या बांधलेल्या पेट्या दिसत होत्या.

तिसरी खुर्ची कुणीतरी मागे ओढून ठेवली होती. ताटाशेजारी माझा चष्मा होता.

मी तो घातला. काचा स्वच्छ पुसलेल्या होत्या.