टाचणी लावलेलं पान

सिंगापूरला शनिवारी दुपारी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, रिकामं टेबल मिळणं कठीण. मिळालंच, तर लोक त्यावर टिश्यूचं पाकीट नाहीतर छत्री ठेवून जेवण आणायला जातात. ठेवलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही.

क्षिप्राने लावला. कारण कोपऱ्यातल्या त्या टेबलावर पाकीट नव्हतं, एक उघडी वही होती, आणि तिच्या समासात हिरव्या शाईने लिहिलं होतं – 'इथे थांब. लोकांना श्वास घेऊ दे.'

आईचं अक्षर. आईला जाऊन दोन महिने झाले होते.

"हॅलो मिस, दॅट वन गॉट पीपल, लाह!" टेबलं पुसणारी आंटी ओरडली.

"ते पीपल मीच," पाठीमागून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं. हातात लाक्साचा, नारळाच्या रशातल्या शेवयांचा, वाफाळता बाऊल, कपाळावर पावसाचे चार थेंब. तिचा चेहरा बघितला आणि त्याचं हसू विरलं. "तुम्ही... क्षिप्रा ना? अंत्यदर्शनाला मी मागे उभा होतो. मी निहार. तुआसला बंदरावर क्रेन्सचं काम बघतो. आणि दर शनिवारी तुमच्या आईच्या, काकूंच्या घरी आडोशाला येणारा अनोळखी माणूस... म्हणजे नाटकात!"

"आईची वही तुम्ही टेबल अडवायला ठेवलीत?"

"आज टिश्यू विसरलो." तो ओशाळला. "नाटकाच्या माझ्या प्रतीवर चहा सांडला, म्हणून काकूंनी स्वतःची दिली. वर म्हणाल्या, 'आता पाठांतर सांडू नकोस.'"

क्षिप्राला हसू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. ती समोर बसली.

क्षिप्राची आई सुलेखा चाळीस वर्षं इंग्लंडच्या रंगभूमीवर वावरली. चित्रपटांत तिच्या वाट्याला नर्स, दुकानदारीण, शेजारीण असल्या दोन-चार वाक्यांच्या बायका आल्या. पण मँचेस्टरच्या एका नाटकात ती अकरा महिने राणी होती. त्या अकरा महिन्यांत लहानगी क्षिप्रा बाबांचं बोट धरून रोज कलाकारांच्या दारापाशी उभी राहायची. दार उघडून राणी यायची ती बसचं तिकीट शोधत. बाबा गेल्यावर आई सिंगापूरला लेकीकडे आली आणि सत्तराव्या वर्षी तिने मराठीत पहिलं नाटक लिहिलं. एक बाई, पावसात तिच्या दारी थांबलेला एक माणूस, बस्स. पण लेकीला बँकेतून वेळ नव्हता. 'पुढच्या शनिवारी नक्की येते गं तालमीला,' असे किती शनिवार गेले...

तिने शेवटचं पान उलटायला घेतलं. ते दुमडून टाचणीने बंद केलेलं होतं.

"हे काय?"

"शेवटचं वाक्य. तिकडच्या जुन्या नटांची रीत आहे म्हणे. तालमीत शेवटचं वाक्य म्हणायचं नाही. प्रेक्षक आल्याशिवाय नाटक पुरं होत नाही."

"मग उघडून बघितलं नाहीत?"

"त्यांनी नको सांगितलं होतं. आणि त्या गेल्यावर तर... छे."

क्षिप्राची बोटं टाचणीवर थबकली. आईचं एक वाक्य अजून ऐकायचं उरलंय. एवढंच एक.

"मराठी मंडळाने प्रयोगाची तारीख अजून सोडलेली नाही," तो हळूच म्हणाला. "काकूंचं बाईचं काम आता तुम्ही करा. मग उघडू."

"मला अभिनय येत नाही."

"मला तरी कुठे येतो? काकू म्हणायच्या, 'तुझ्यापेक्षा तुझी क्रेन छान हालते.'"

पाच शनिवार तालमी झाल्या. दुसऱ्या शनिवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. तिसऱ्या शनिवारी तो ओल्या केसांनी दारात उभा राहिला, तेव्हा क्षिप्रा वाक्यच विसरली.

"पुढे?" त्याने विचारलं.

"समासात लिहिलंय, 'त्याच्याकडे बघू नकोस, त्याच्या बुटांकडे बघ.'"

"मग बघतेयस कुठे?"

"...बुटांकडेच."

"बूट इतके वर असतात?"

चौथ्या शनिवारी त्याने सांगितलं, की त्याची बदली रॉटरडॅमला झाली आहे. प्रयोगानंतरच्या मंगळवारी विमान.

"आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो, तर तू नाटक सोडलं असतंस. मग काकूंचं वाक्य कुणी म्हटलं असतं?"

"तेवढ्याचसाठी?"

तो काहीतरी बोलणार होता. मग त्याने वही उघडून तिच्यापुढे सरकवली.

प्रयोग रविवारी चार वाजता होता. दीडेकशे माणसं आली होती. रंगमंचाच्या कोपऱ्यात आईची लाकडी मुठीची जुनी छत्री टेकवलेली होती. नाटकातला पाऊस थांबला, अनोळखी माणूस जायला निघाला आणि क्षिप्राने कपाटातलं पत्र काढावं तशी वही काढून टाचणी ओढली. हिरवी शाई. एकच ओळ. समासात – 'घाई करू नकोस, पिल्लू.'

पिल्लू! हे नाव नाटकात कुठेच नव्हतं. ते फक्त घरात होतं. आई इतके शनिवार तिचीच वाट बघत होती तर...

तिने घाई केली नाही. लोकांना श्वास घेऊ दिला. डोळे पुसले नाहीत. मग निहारच्या बुटांकडे नाही, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली –

"छत्री घेऊन जा. आणि परत द्यायला ये."

नाटकाप्रमाणे निहारने आता निघून जायचं होतं. तो हललाच नाही. शेवटी पडदाच पाडावा लागला.

हॉलबाहेर खरा पाऊस कोसळत होता. छपराखाली दोघंच उभी होती, मध्ये छत्री.

"रॉटरडॅमला पाऊस फार असतो म्हणे," ती म्हणाली.

"असतो ना. पण ही काकूंची छत्री, मी कशी..."

"घे." तिने मूठ त्याच्या हातात दिली, पण आपला हात काढून घेतला नाही.

"क्षिप्रा, ते वाक्य... पुन्हा म्हणशील? आता तालीम नाही, प्रयोगही नाही."

"पहिला प्रयोग झाला की ते कितीही वेळा म्हणता येतं," ती म्हणाली. आणि घाई न करता तिने ते पुन्हा म्हटलं.

"डिसेंबरात," निहार म्हणाला. "छत्री परत द्यायला. आणि मग... न्यायला."

"छत्रीला?"

त्याने फक्त छत्री उघडली, दोघांवर.