‘कोळशाचं तळं’ बाजारात कसं आलं?

शनिवारी दुपारी कॉलिन सगडेन विनिफ्रेड ओल्डरॉइडच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात शिरला तो पांढऱ्याफटक चेहऱ्याने. त्याने काउंटरवर बाजारात विकत घेतलेली एक कॅसेट ठेवली. आठ महिने खपून घरच्या कॉम्प्युटरवर लिहिलेला त्याचा खेळ, ‘कोळशाचं तळं’, अजून प्रसिद्धही झाला नव्हता. तरी हडर्सफील्डच्या बाजारात त्याच्या चोरट्या प्रती विकायला आल्या होत्या. कॉलिननेच त्या विकल्या, असा प्रकाशकाचा समज होता. पाचपर्यंत चोर सापडला नाही, तर करार रद्द.

"खेळ कोणाकोणाच्या हाती लागला?" विनिफ्रेडने विचारलं.

"मंगळवारी आमच्या कॉम्प्युटर क्लबमधल्या कॉम्प्युटरवर चढवला आणि चहा आणायला खाली गेलो. खोलीत बॅरी होता आणि मिसेस लम."

बॅरी थ्वेट त्याचा शाळेपासूनचा मित्र. खेळातली चित्रं त्याची. मार्जरी लम क्लबची चिटणीस. विनिफ्रेडचा दोघांवरही भरवसा नव्हता, आणि कॉलिनवर तर नव्हताच. रडवेलं तोंड करून येणारे लबाड तिने ढिगाने पाहिले होते.

तेव्हा कॉम्प्युटरचे खेळ कॅसेटवर भरलेले असत; तिने दुकानातले चार टेपरेकॉर्डर एकामागून एक कॉम्प्युटरला जोडून त्यांवर कॅसेट लावली. नुसती किंचाळी, पडदा कोरा. बाजारात गिऱ्हाइकं हीच तक्रार करत होती, असं कॉलिन म्हणाला. मग तिने पेचकसाने चौथ्या रेकॉर्डरमधला एक स्क्रू किंचित फिरवला आणि खेळ सुरू झाला.

तिने तिघांनाही आपापला रेकॉर्डर घेऊन बोलावलं आणि प्रत्येकाला तीच कॅसेट लावायला सांगितली. कॉलिनच्या रेकॉर्डरवर चालेना. मिसेस लमच्याही नाही. बॅरीच्या रेकॉर्डरवर पहिल्याच फटक्यात चालली.

"तुम्ही दोघांनी भंगार घेतलंय," बॅरी हसला.

"आता ही दुकानातली दुसऱ्या खेळाची अस्सल कॅसेट लाव, बाळा."

ती काही चालली नाही.

"कॅसेट वाचणारं हेड तुझ्या रेकॉर्डरमध्ये तिरपं आहे," विनिफ्रेड म्हणाली. "एखादी हट्टी कॅसेट चालावी म्हणून तूच स्क्रू पिळलास. तुम्ही सगळेच पिळता. तेव्हापासून तो जे भरतो, ते फक्त त्यालाच वाचता येतं. मंगळवारी तू तो क्लबच्या कॉम्प्युटरला जोडून खेळ भरून घेतलास. प्रती तू घरी तपासल्यास, चालल्या, म्हणून खुशाल बाजारात पाठवल्यास. मिसेस लम, मंगळवारी रेकॉर्डर याच्याजवळ होता?"

"होता, पिशवीत. मी कपबशा काढायला आतल्या खोलीत गेले होते."

बॅरीचं हसू मावळलं. "वेष्टनावर एकट्याचं नाव छापायला दिलंय याने. खेळातलं वटवाघूळन् वटवाघूळ मी काढलं."

वेष्टनाचा मजकूर कॉलिननेच पाठवला होता.

पाचाला सात मिनिटं कमी असताना त्याने प्रकाशकाला फोन फिरवला. पलीकडून चोराचं नाव विचारलं गेलं. ते सांगताना त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

"बॅरी थ्वेट," तो म्हणाला. "चित्रंही त्याचीच आहेत. वेष्टनावर तेही छापा."

बॅरीने ते ऐकलं, पण मान वर केली नाही.